अण्णानं कान पिळला

आमच्या बेळगावच्या शहापुरात एक सोय आहे. समोरच्याचं नाव आठवलं नाही तरी बिघडत नाही. पुरुष असला तर अण्णा, बाई असली तर आक्का. भाजीवाली आक्का, रिक्षावाला अण्णा, बँकेच्या रांगेत पुढं उभा असलेला अनोळखी माणूसही अण्णाच. मराठीत बोला नाहीतर कानडीत, हे दोन शब्द दोन्हीकडं चालतात. बाहेरगावच्या माणसाला यात आपुलकी दिसते. मला लपायला जागा दिसते. गेली कित्येक वर्षं मी या दोन शब्दांच्या आड उभा राहून नोकरी केली, संसार केला, आणि माझं डोकं किती गळकं आहे हे फार थोड्यांना कळू दिलं.

मी एका खाजगी हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क आहे. बी.ए. झालोय. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म मागावर गेला. आई त्यासाठी दोऱ्याच्या कांड्या भरायची. पदवीचा कागद आला तेव्हा आप्पांनी तो फ्रेम करून मागाच्या खोलीत देवांच्या फोटोंच्या रांगेत लावला. त्या कागदाचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवतो ते दुसरंच. त्या पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एकही पेपर लिहिल्याचं मला आठवत नाही. कुठं बसलो, काय लिहिलं, पास झाल्यावर पेढे कुणी वाटले, काही नाही. कागदावर नाव माझं आहे, म्हणून मीच लिहिले असणार.

त्या काळात मी गोळ्या खात होतो आणि खोकल्याचं औषध खोकला नसताना पीत होतो. सुरुवात कशी झाली ते सांगत बसत नाही. ती गोष्ट सगळ्यांची सारखीच असते आणि सांगणारा सांगता सांगता स्वतःला हळूच सोडवून घेतो. मला कुणी बिघडवलं नाही. कॉलेजात इंग्रजी फाडणाऱ्या पोरांत बसायची लाज वाटायची, आणि गोळी घेतली की वाटायची नाही. एवढंच खरं. अशी काही वर्षं गेली. शेवटी आप्पांनी बाहेरगावच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. तिथून मी सुटलो, आणि परत त्या वाटेला गेलो नाही. याचंही मला कौतुक नको. न जाणं हे काही काम नव्हे.

केंद्रातल्या डॉक्टरबाईंना मी विचारलं होतं, त्या वर्षांतलं परत आठवेल का. बाई स्पष्ट बोलायच्या. म्हणाल्या, हरवलेलं असतं तर सापडलं असतं, पण तुमच्या मेंदूनं ते त्या वेळी ठेवूनच घेतलं नाही. पुढंही गळती थोडीफार राहील, तिला धरून जगायला शिका. आणि एक सांभाळा, म्हणाल्या. रिकामी जागा मन रिकामी ठेवत नाही. ऐकलेलं, फोटोत बघितलेलं तिथं आणून बसवतं, आणि ते अगदी खरं वाटतं. मी मान हलवली. गंमत म्हणजे हे बोलणं माझ्या पक्कं लक्षात राहिलं. त्याचा उपयोग तेवढा मी केला नाही.

गळती धरून जगायला मात्र शिकलो. शाळेला जायचा रस्ता कधी बदलत नाही. गाडी एकाच जागी लावतो, ती जागा कुणी घेतली तर उरलेला दिवस माझा बिघडतो. मोबाईलमध्ये दिवसभर गजर वाजत असतात, एक गॅस बंद केला का म्हणून, एक मुलीला क्लासवरून आणायचं म्हणून, आणि एक कशासाठी लावलाय हे मलाच माहीत नाही, पण बंद करायचं धाडस होत नाही. शाळेत पालक आले की मी हसून म्हणतो, या अण्णा, बसा, कुठला वर्ग? एकदा हेडमास्तर नवा चष्मा लावून आले आणि मी त्यांनाच विचारलं, काय अण्णा, कुणाला भेटायचंय? त्यांना वाटलं मी चष्म्याची थट्टा केली. ते हसले, मी वाचलो. बायकोला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. असं ती म्हणते.

पण त्या गेलेल्या वर्षांतली एक आठवण माझ्याकडं होती. एकच. ती धाकट्या बहिणीच्या लग्नाची.

लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. मग नवरा त्याला टॉवेल-टोपी नाहीतर शर्टपीस देऊन कान सोडवून घेतो. प्रकार गमतीचा, पण हक्क भावाचा. आमच्या घरात बहिणीला भाऊ मी एकटाच. ती बोलायला लागली तेव्हापासून मला अण्णा म्हणते, तिचं ऐकून आई-आप्पाही अण्णाच म्हणायचे.

तिचं लग्न झालं तेव्हा मी पुरता गोळ्यांत होतो. तरी कान पिळल्याचं मला आठवत होतं. होमाचा धूर, मुंडावळ्या बाजूला सारून धरलेला कान, बोटांना लागलेली त्याची ऊब, झेंडूचा वास, आणि त्यात कुठंतरी पेट्रोलचा वास. होमाजवळ पेट्रोल कुठून आलं हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. मी इतक्या जोरात पिळला की कान लाल झाला आणि भटजी म्हणाले, पुरे, संसार करायचाय त्याला.

ही आठवण मला मिळाली कशी तेही सांगतो. केंद्रातून घरी आलो तेव्हा मी दिवसभर मागाच्या खोलीत पडून असायचो. बहीण निपाणीहून माहेरी आली होती. स्वयंपाकघरात ती, आई आणि गल्लीतली एक बाई बोलत बसल्या होत्या. त्या बाईनं विचारलं, लग्नात कान कुणी पिळला गं मग? बहीण म्हणाली, "अण्णानं की. असा पिळला, ह्यांचा कान दोन दिवस लाल हुता." मी उठून दारात गेलो. म्हणालो, व्हय, मी लई जोरात पिळलता काय? तिघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग आई म्हणाली, "व्हय रं. बस, चा घे." मी बसलो, चहा घेतला, आणि हसलो. पुढच्या काही दिवसांत बाकीचं आठवत गेलं. आधी धूर, मग ऊब, मग भटजी.

त्या कानाचं मला किती मोल होतं ते दुसऱ्याला कळायचं नाही. त्या वर्षांत मी आईला रडवलं, आप्पांवर हात उगारला, हे लोकांकडून ऐकलेलं. त्या सगळ्यापुढं मी हा एक कान ठेवायचो. कसाही असेन, बहिणीच्या लग्नात माझ्या जागी मी उभा होतो. बायकोला ही गोष्ट सांगितली, मुलीला तर झोपवताना सांगायचो, शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताना इतक्यांदा सांगितली की ड्रॉइंगचे सर मी तोंड उघडायच्या आत आपला कान धरायचे.

आणि पावण्यांनी साथ दिली. पावणे म्हणजे बहिणीचा नवरा. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत. शर्ट धुतलेला असला तरी तंबाखूचा वास येतोच. मी निपाणीला गेलो की ते दारातच दोन्ही हातांनी कान झाकायचे आणि आत हाक मारायचे, आलं बघा तुमचं अण्णा, आता माझा कान गेला. घरभर हसू. मी छाती पुढं काढून आत जायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न ठरलं. बहिणीनं फोन करून सांगितलं, मंगलाष्टकाला पोरीच्या मागं तू उभा राहायचंस. नवरीच्या मागं मामा उभा असतो, तो मान माझाच होता, तरी तिनं सांगितल्यावर बरं वाटलं. भीतीही वाटली. भर मांडवात मला काही सुचेनासं झालं तर? मग मनाला समजावलं, तशा अवस्थेत कान पिळलास, आता तर शुद्धीत आहेस.

पावणे पत्रिका द्यायला बेळगावला आले. मी रजा काढून त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो. शहापूर झालं, मग वडगावला गेलो. तिथं आमचे जुने शेजारी राहतात. आमच्या आणि त्यांच्या मागाच्या खोल्यांत एकच भिंत होती. इकडचा माग थांबला की तिकडून हाक यायची, काय झालं, दोरा तुटला का? घरात कानडी बोलणारी माणसं. त्या घरातले कर्ते माझ्यापेक्षा बरेच मोठे. आम्ही त्यांनाही अण्णाच म्हणायचो, दुसरं काय म्हणणार?

दार त्यांनीच उघडलं. गुडघे धरलेत, भिंतीला हात लावून चालतात. "बर्री, बर्री," म्हणाले, म्हणजे या, या. पावण्यांनी त्यांना बघितलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

म्हातारा खदखदून हसला. हात पुढं करून म्हणाला, "झाकून काय उपयोग? माझं बोट अजून दुखतंय." आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली तीही हसत होती. मग पावण्यांना आठवलं की मागं मी उभा आहे. त्यांचे हात खाली आले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि बायकोला कानडीत म्हणाला, चहा टाक.

आम्ही चहा घेतला. पत्रिका दिली, अक्षता दिल्या, लग्नाला यायचंच म्हणालो. गुडघ्यांवर कुठलं तेल चांगलं यावर बोलणं झालं. मी सगळ्यांत भाग घेतला. गोळ्यांनी मला एक कला शिकवली आहे, आत काही शिल्लक नसतानाही चेहरा चालू ठेवायची.

परत येताना चहाची टपरी आली तिथं मी पावण्यांना गाडी थांबवायला लावली. म्हणालो, पावणं, कान कुणी पिळलता?

"आता ते काढून काय करायचं?"

"कुणी?"

त्यांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं इथं लिहितो, कारण हे मला स्वतःला आठवत नाही आणि आठवणारही नाही. लग्न गल्लीतल्या देवळात होतं. होमाजवळ भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. मी नव्हतो. आप्पा देवळामागं बघून आले, घरी मागाच्या खोलीत बघून आले. भटजी परत म्हणाले, भाऊ कुठाय, वेळ होतोय. पावण्यांच्या बाजूची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पांनी सांगितलं, पोराला ताप आलाय. तेव्हा गर्दीतून शेजारचे अण्णा पुढं आले आणि भटजींना म्हणाले, मी भाऊ. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी कान धरला. इतक्या जोरात पिळला की पावण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळा मांडव हसला. हसू यावं म्हणूनच तेवढ्या जोरात पिळला, असं पावण्यांचं मत.

"आणि मी कुठं हुतो?"

पावणे टपरीवाल्याकडं बघत राहिले.

"पाठवणीच्या वेळी सापडलासा. आमच्या गाडीत. झेंडूच्या माळा लावलेली गाडी हुती न्हवं, तिच्या मागच्या सीटवर झोपलतासा. तुम्हाला उतरवलं आणि मग आम्ही दोघं बसलो."

झेंडू आणि पेट्रोल. तेवढं खरं होतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं दारात कान झाकत होता ते? ते म्हणाले, केंद्रातनं सुटल्यावर तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलासा तवा हिनं आधीच सांगून ठेवलतं, अण्णा आला की असं करा. केलं. मग सवय लागली. मग म्हणाले, खोटं सांगत न्हाय, नंतर नंतर मलाबी वाटायला लागलतं तुम्हीच पिळला म्हणून.

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील. मला बरं वाटलं नाही. पण खरा त्रास वेगळाच. सगळं कळल्यावरही माझी आठवण जागची हलली नाही. आजही डोळे मिटले की बोटांत तो कान येतो, त्याची ऊब येते. मी गाडीतली सीट आठवायचा प्रयत्न करतो. मला कुणी हाताला धरून उतरवलं, नवरीच्या कपड्यात बहीण शेजारी उभी असणार, तिच्याकडं मी बघितलं असेन की नाही. काही येत नाही. जे झालं नाही ते लख्ख दिसतं, आणि जे झालं तिथं अंधार आहे. 'अण्णानं' एवढा एक शब्द भिंतीआडून ऐकला आणि मी तो उचलून घरी आणला. अण्णा तर मीही होतोच. दुसऱ्या कुठल्या गावात बहिणीनं सरळ नाव घेतलं असतं आणि मला तिथंच कळलं असतं.

काही दिवसांनी मी एकटाच वडगावला गेलो. म्हाताऱ्यासमोर बसून म्हणालो, अण्णा, तुमचा हक्क मी इतकी वर्षं खाल्ला. ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "कान एक, अण्णा दोन. काय करणार?" आणि हसले. पण असू दे, असं म्हणाले नाहीत. मी ते म्हणतील म्हणून थांबलो होतो, हे मला उठताना कळलं.

त्यानंतरच्या रविवारी निपाणीला गेलो. पावणे दारात होते. त्यांनी कान झाकले नाहीत. आम्ही दोघंही चपलांकडं बघत आत गेलो. बहीण आहेराच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या वेगवेगळ्या लावत बसली होती. नवऱ्यानं तिला सांगितलंच असणार, कारण तिनं वर न बघता विचारलं, जेवून आलास का? मी म्हणालो, मला सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, काय सांगू? केंद्रातनं आलतास तवा बोलत न्हवतास, खात न्हवतास. त्या दिवशी दारात येऊन हसलास. आईनं माझा हात दाबला. त्यानंतर सांगायचं राहत गेलं.

मग तिनं आपणहून दुसरं सांगितलं. भाऊबीजेला ती दरवर्षी सकाळीच निपाणीहून यायची आणि आधी देवळात जाऊन येते म्हणून बाहेर पडायची. मला वाटायचं, माहेरच्या देवाची ओढ. ती वडगावला जात होती. आधी तिथं ओवाळायची, मग माझ्याकडं. दरवर्षी. मला ओवाळायच्या ताटातलं निरांजन हे त्या दिवसाचं दुसरं होतं. मला राग यायला हवा होता का, माहीत नाही. मला आठवलं ते एवढंच की मी प्रत्येक भाऊबीजेला उशीर झाला म्हणून तिच्यावर चिडायचो आणि ती ऐकून घ्यायची.

मी ठरवून आलो होतो ते बोललो. म्हणालो, भाचीच्या मागं अण्णांनाच उभं कर. हा मान त्यांचा आहे. मी मागं खुर्चीवर बसतो.

तिनं हातातली टोपी खाली ठेवली.

"म्हणजे परत गाडीत जाऊन झोपतोस काय?"

इतक्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. पावणे उठून परसात गेले. मी म्हणालो, तसं नाही गं, त्यांचा हक्क आहे म्हणून म्हणतोय.

"अण्णाचं काय करायचं ते माझं मी ठरवलंय. तो समोर अंतरपाट धरणार हाय, कवाच सांगून आलोय आम्ही दोघं. तू त्याच्या आड लपू नको." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "भटजींनी भावाला हाक मारली तवा माझी नजर दाराकडं हुती. कान पिळून झाला, सगळी हसली, तरी तिकडंच हुती. तू पोरीच्या मागं उभा राहा, न्हायतर जमत न्हाय म्हणून सांग. पण मान देतोय असं म्हणू नको."

थोड्या वेळानं ती पुन्हा टॉवेल-टोप्या लावायला लागली, आणि मी एक एक उचलून तिच्या हातात देत बसलो. तिचं खरं होतं. मी अपराध फेडायला गेलो नव्हतो. अपराधाचं निमित्त करून पुन्हा एकदा जागेवरून निघून जायला गेलो होतो, आणि ते चांगुलपणासारखं दिसेल अशी सोयही करून ठेवली होती. शिकलेल्या माणसाला हे चांगलं जमतं.

घरी येऊन बायकोला आणि मुलीला खरं काय ते सांगितलं. बायको म्हणाली, मला संशय होता, तुमच्या गोष्टीत दरवेळी शर्टपीसचा रंग बदलायचा. मुलगी आता मोठी आहे. ती उठून आत गेली. ड्रॉइंगच्या सरांना अजून सांगितलेलं नाही. ते अजून कान धरतात, आणि मी हसतो. हेही एकदा संपवायला हवं.

लग्नाच्या दिवशी मी मोबाईलवर एकही गजर लावला नाही. गजर वाजला आणि मी तो बंद करून विसरलो तर, ही भीती. त्यापेक्षा सरळ जाऊन उभं राहावं. निपाणीच्या कार्यालयात पोहोचलो तेव्हा मांडवातले कामगार खुर्च्या मांडत होते. बोहल्यावर पाट नुकते ठेवले होते. नवरीचा पाट कुठला ते भटजींना विचारलं आणि त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.

भटजी सुपाऱ्या मांडत होते. म्हणाले, मामा, मुहूर्ताला अजून लई वेळ हाय, नाश्ता करून या. मी नको म्हणालो. थोड्या वेळानं म्हणाले, मग बसा तरी. मी म्हणालो, बसत न्हाय.

माणसं येत गेली. कुणीतरी फेटा बांधून गेलं, मी जागेवरूनच बांधून घेतला. ओळखीचे बिनओळखीचे नमस्कार करत होते, मी सगळ्यांना अण्णा, आक्का म्हणत होतो. वडगावचे अण्णा मुलाच्या हाताला धरून आले, पहिल्या रांगेत बसले, माझ्याकडं बघून मान हलवली. पाय दुखायला लागले. डोक्यात नेहमीचं धुकं यायला लागलं की मी पुढचा पाट बघायचो. पाट रिकामा आहे, म्हणजे ती अजून यायची आहे, म्हणजे मी इथंच थांबायचं आहे. एवढं कळायला आठवण लागत नाही.

बहीण ताटं घेऊन इकडून तिकडं फिरत होती. दोन-तीनदा न थांबता समोरून गेली. मला घाम फुटला होता, फेट्याखालून कानावर उतरत होता. एकदा जाताना ती थांबली, कोपऱ्यातला उभा पंखा ओढून तिनं माझ्याकडं तोंड करून ठेवला, आणि गर्दीत निघून गेली.